त्या पक्ष्याला पाण्यात सोडू नका

“पावसाळ्यात किनाऱ्यावर काळ्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा पक्षी बसलेला दिसला तर उचलून लाटांत सोडा, समुद्रपक्षी आहे, पोहत जाईल” असा संदेश सध्या गोव्यात फिरतोय. कृपया तसं अजिबात करू नका. तो बुडेल.

हा सूटी टर्न, सुरय पक्ष्यांपैकी एक. बदकासारखी पाणी झटकणारी पिसं त्याला नाहीत. पाण्यावर बसून राहिला तर ती भिजून जड होतात. म्हणून त्याचं आयुष्यच हवेत जातं. पिल्लू एकदा उडालं की कित्येक वर्षं जमिनीला पाय लावत नाही! कुपे (ट्यूना मासे) खालून लहान मासळी वर हाकलतात, हा ती उडता उडता टिपतो. जमिनीवर येतो तो अंडं घालायला, तेही बहुधा एकच, उघड्या वाळूवर. लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर त्याची वीण होते.

मिरामारला किंवा कोलव्याला दिसणारा बहुतेकदा वादळी वाऱ्याने ढकललेला, दमलेला असतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. लगेच वन खात्याला कळवा.