पहिलाच दाब मोजला जातो

नौपाड्यातील आमच्या इमारतीच्या लिफ्टचे बटण मी गेली बारा वर्षे तीनदा दाबत आलो आहे. पहिल्या दाबाने लिफ्टला निरोप जातो, दुसऱ्याने आपण घाईत असल्याचे कळते आणि तिसरा निव्वळ रागाचा असतो. अशा बोटाचा मामा माझ्या भाचीने प्रतिक्रिया-काल मोजण्यासाठी ‘प्रयुक्त’, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो, म्हणून प्रयोगशाळेत नेला.

समोर दोन बटणांची काळी पेटी होती. साधा कीबोर्ड का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मामा, बटण दाबले का, अशी चौकशी संगणक त्याच्याकडे सेकंदाला १२५ वेळाच करतो. आठ मिलिसेकंद इकडेतिकडे होतात.” ठाणे स्थानकाच्या फलाटावर आठ मिनिटांनाही कोणी उशिरात धरत नाही, हे मी तिला सांगितले नाही.

पहिल्या फेरीत दिवा लागताच एक बटण दाबायचे होते. मी दिवा लागण्याची वाट न पाहता अंदाजानेच दाबले आणि पडद्यावर ६२ मिलिसेकंद उमटले. मी खूश झालो. तिने तो आकडा खोडला, कारण १०० च्या आतील प्रतिसाद पाहून दिलेला नसतो, आणि धावण्याच्या शर्यतीतही तेवढ्यात निघालेल्याला बाद करतात. दुसऱ्या फेरीत हिरव्याला डावे आणि लाल दिव्याला उजवे बटण असल्यामुळे माझी सरासरी २६८ वरून ४३१ वर गेली. डच शास्त्रज्ञ डोंडर्स याने १८६८ मध्ये सुचवलेली वजाबाकी केली असता रंग ओळखून निवड करण्यास मला १६३ मिलिसेकंद लागतात, असे निघाले. भाजी बाजारात दुधी की पडवळ यावर मी किती वेळ उभा असतो, हे माझ्या पत्नीला ठाऊक असल्याने तिला हा निष्कर्ष कळवलेला नाही.

माझे तिहेरी दाब पाहून भाची हसली. बटणाच्या आतील धातूच्या पट्ट्याही एकमेकींवर आदळून काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकाच दाबाचे अनेक दाब करतात. म्हणून पेटी पहिलाच दाब धरते आणि क्षणभर कान बंद करते, असे तिने समजावले. यंत्रालाही माझीच खोड आहे, हे ऐकून मला फार बरे वाटले.

संध्याकाळी ती माझ्याबरोबरच घरी आली. लिफ्ट सातव्या मजल्यावर होती. मी बटण एकदाच दाबले आणि हात खिशात घातला. बराच वेळ लिफ्ट हलली नाही, तेव्हा भाचीने पुढे होऊन ते दोनदा दाबले.