पितळेचं पोर आणि करडा राम

आमच्या घरात खेळणी एकाच पोराकडे होती, आणि ते पोर पितळेचं होतं. चार बोटं उंचीचा रांगता बाळकृष्ण. त्याला झुलायला पाळणा, फिरवायला लाकडी भोवरा, राखायला दोन गाई आणि हातात कायमचा लोण्याचा गोळा. आम्ही तीन भावंडं कसब्यातल्या वाड्यात दोन खोल्यांत वाढलो. आमच्या वाट्याला चिंचोके. भोवऱ्याकडे नुसतं पाहिलं तरी आजी म्हणायची, "देवाचं उष्टं करू नये." देवानं तो एकदाही फिरवलेला नाही, हा मुद्दा मी एकदा मांडला. त्या संध्याकाळी मला एकोणतीसपर्यंत पाढे म्हणावे लागले.

बाबा अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगच्या कामावर होते. तिथून ते पुठ्ठ्याचे तुकडे आणायचे. दादानं त्यांची मोटार केली, बाटल्यांच्या बुचांची चाकं लावून. पहिल्या पावसात तिचा लगदा झाला.

खरा छळ तुळशीबागेत. राममंदिर मधोमध आणि सभोवार खेळण्यांची, भातुकलीची दुकानं. रामाला भेटायचं तर चावीच्या माकडासमोरून जावं लागे! आजी आत शिरतानाच बजावायची, "डोळे मिट आणि रामाचं नाव घे." मी तिचा पदर धरून एक डोळा मिटायचो. पानिपत झालं त्याच १७६१ साली हे मंदिर बांधायला घेतलं म्हणतात. माझं पानिपत तिथे दर रामनवमीला व्हायचं.

मग २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. आजी दोन रविवार वर घरमालकांकडे जाऊन आली आणि तिसऱ्या रविवारी अडून बसली. "त्यांच्याकडे अंड्याचा वास येतो. मी राम बघू की आम्लेट?" बाबांनी हप्त्यानं एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला, लाकडी शटरचा. आमचा राम निळा नव्हता, करडा होता.

रविवारी साडेनऊच्या आत सगळ्यांच्या आंघोळी. शटरला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, समोर उदबत्ती. दादाची नेमणूक कौलांवर, अँटिनापाशी.

"आलं का?"

"राम आला! सीता मुंग्यांत गेली!"

शेजारपाजारचे यायचे, टीव्हीपुढच्या ताटलीत चार आणे, आठ आणे टाकायचे. दादा मनातल्या मनात टिकल्यांच्या पिस्तुलाचा हिशेब करायचा. आजी ती चिल्लर पंढरपूरच्या डब्यात टाकायची.

एरवी आठवडाभर शटर बंद. "राम निजलाय." अपवाद फक्त बातम्या आणि 'आमची माती आमची माणसं' यांचा. आमची एकूण जमीन तुळशीच्या कुंडीएवढी, पण कपाशीवरच्या बोंडअळीचा बंदोबस्त मला अजून तोंडपाठ आहे.

एका बुधवारी आजी कीर्तनाला गेली आणि आम्ही शटर उघडलं. 'चित्रहार' लागलं होतं. रविवारची सुकलेली माळ तशीच लोंबत होती आणि तिच्याखाली एक नायिका धो धो पावसात नाचत होती. इतक्यात दारात आजी! बुवांचा घसा बसला म्हणून कीर्तन लवकर आटोपलं होतं. दादा जागच्या जागी थिजला. ताई मात्र पुढे झाली. "अगं आजी, इंद्राचा दरबार आहे. ही अप्सरा."

आजीनं आधी हात जोडले, मग पाट ओढून बसली. गाणं संपेपर्यंत पापणी लवली नाही.

"इंद्राला काही काळीज? पोरीला केव्हाची भिजवतोय."

पुढच्या बुधवारी कीर्तनाची वेळ झाली तरी आजी हलेना. तिचे गुडघे दुखत होते म्हणे. शटर तिनं स्वतःच सरकवलं. "बघू, ती पोर आज तरी कोरडी आहे का."

ती कोरडी नव्हती. आजी हळहळत बघत राहिली. दादानं ती संधी साधली, देव्हाऱ्यातला भोवरा उचलला, मागच्या खोलीत नेला आणि शहाबादी फरशीवर सोडला. काय फिरला! घूं घूं घूं.

आजीनं मान वळवली नाही.

"झालं की पुसून ठेव," ती म्हणाली. "त्याच्या उजव्या हाताला."