भातापेक्षा उंच पाणी

पनवेल स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कट्टा भरतो. परवा रात्री पक्यानं मोबाइल पुढे केला. "दिवाळीत आईबाबांना केरळला नेतोय. सहा दिवस. कोची, मुन्नार, ठेकडी, अलेप्पीला हाऊसबोटीत एक रात्र, मग कोवळम आणि कन्याकुमारी."

"यातला निम्मा वेळ गाडीत जाईल," मी म्हटलं. "मुन्नार काढ, कन्याकुमारी काढ. अलेप्पीला तीन दिवस राहा. आणि हाऊसबोटीच्या आधी सरकारी बोटीत बस."

पक्या चिडला. आईचे गुडघे दुखतात, बाबा सत्तरीला टेकलेत, दोघं पंढरपूर-तुळजापूर सोडून कुठे गेलेले नाहीत. "एक रात्र पाण्यावर आरामात झोपली तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

दुखत नव्हतं. पण हाऊसबोट दुपारी सुटते आणि दिवस मावळायच्या सुमाराला काठाला बांधून टाकतात, कारण रात्री कायलात, म्हणजे तिथल्या खाडीसारख्या पाण्यात, कोळ्यांची जाळी पडतात. उरलेला वेळ तुम्ही बांधलेल्या बोटीत एसी लावून बसता. आणि ती बोट मुळात कशासाठी होती, हेही कुणी सांगत नाही. तिचं मूळ नाव केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली होडी. फळ्यांना खिळा नाही, सगळी काथ्याच्या दोरानं शिवलेली. ती भात वाहायची. रस्ते आणि पूल झाले, ट्रक आले, होड्या रिकाम्या पडल्या. नव्वदच्या दशकात त्यांच्यावर खोल्या चढल्या.

"मग भात कुठून यायचा?" बंड्यानं विचारलं. बंड्या पेणचा, त्याच्या घरची खारजमीन आहे, बांध घालून खाऱ्या पाण्यातून काढलेली.

हाच प्रश्न मला हवा होता. आलप्पुळाच्या, म्हणजे अलेप्पीच्याच, बोटजेट्टीवरून मी कोट्टायमची बोट धरली होती. दोन-अडीच तासांचा प्रवास. शाळेच्या मुली, गॅसचा सिलिंडर घेतलेला एक माणूस, मासळीची टोपली. बोट घराघराशी थांबल्यासारखी थांबत होती. एक आजी उतरल्या आणि चार पावलांवर त्यांचं दार. मी डावीकडे पाहिलं तर बांधापलीकडची शेतं खाली होती. आमची बोट वर, पाणी वर, आणि भात खाली. या भागाला कुट्टनाड म्हणतात, तिथली बरीच जमीन समुद्रसपाटीपेक्षा मीटर-दोन मीटर खाली आहे. वेंबनाड कायलात चिखलाचे बांध घातले, आतलं पाणी उपसलं आणि तिथे भात पेरला. पूर्वी हे पाणी पायानं फिरवायच्या चक्रांनी उपसायचे, आता पंप आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं 2013 साली या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. मला तो दर्जा नंतर कळला. त्या दिवशी मी नुसता बांधाकडे बघत बसलो होतो.

बंड्या गप्पच झाला. मग म्हणाला, "आमच्याकडे उधाणाला बांधाला खांड पडली तर वर्षाचं पीक जातं. तिथे तर घरच जाईल."

जातं. 2018 च्या पुरात कुट्टनाड बुडालं, माणसं गावंच्या गावं सोडून छावण्यांत गेली.

"आणि उघाडी? खारं पाणी अडवायची दारं?" त्यानं विचारलं. आहे ना, तण्णीरमुक्कमला. अख्ख्या कायलावर दारांचा बंधारा. उन्हाळ्याकडे दारं लावली की खारं पाणी भाताला लागत नाही. पण खारं पाणी अडलं की कोळंबी आणि मासेही अडतात, जलपर्णी मात्र फोफावते. म्हणून शेतकरी म्हणतो लाव, कोळी म्हणतो उघड. बंड्या म्हणाला, "हे भांडण मी आजोबांच्या तोंडून ऐकलंय."

इथे अण्णांनी मला अडवलं. "तू हाऊसबोटीला नावं ठेवतोस, पण तिच्यावरचा तांडेल आणि स्वयंपाकी त्याच गावांतले ना? त्यांच्या चुली कशावर पेटतात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांचं बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं की रात्र हाऊसबोटीत काढा, पण आधी सरकारी बोटीनं जा, म्हणजे रात्री ज्या पाण्यावर झोपाल ते कुणाचं आहे ते कळेल.

देवळांचा विषय पक्याच्या आईसाठी मीच काढला. अंबलप्पुळाच्या कृष्णाचं पालपायसम, दूध-तांदळाची खीर. दंतकथा अशी की देवानं वेश पालटून राजाला बुद्धिबळात हरवलं आणि पटाच्या पहिल्या घराला एक दाणा, पुढे प्रत्येक घराला दुप्पट तांदूळ मागितला. मास्तर गणिताचे. "विसाव्या घरातच 5,24,288 दाणे होतात," ते लगेच म्हणाले. राजा ते देणं अजून फेडतोय, म्हणून खीर वाटतात. तांदळाच्या मुलखातल्या देवाचं कर्जही तांदळातच, हे मला फार आवडतं. पक्याच्या बाबांना आत जाताना सदरा काढावा लागेल, तेवढं आधी सांगून ठेवायचं.

आणि वैकम. तवणक्कडवहून सौरऊर्जेवर चालणारी बोट पंधरा मिनिटांत वैकमला सोडते. 2017 पासून चालू आहे, धूर नाही, धडधड नाही. महादेवाच्या या देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून काही जातींना चालायलाही बंदी होती. 30 मार्च 1924 ला तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि 603 दिवस चालला. महाडच्या तीन वर्षं आधी. "त्या रस्त्यावरून आईचा हात धरून सावकाश चाल," मी पक्याला म्हटलं. मास्तरांनी मान हलवली.

किनाऱ्यासाठी मारारी पुरे. सकाळी होड्या परत येताना बघायच्या, झालं.

"बरं, दिवाळीत जातो," पक्या म्हणाला.

"दिवाळीत तिकडे परतीचा पाऊस असतो. आणि बऱ्याचशा शेतांत तेव्हा पाणी उपसायचं चाललेलं असतं, भात दिसणार नाही. मुख्य पीक त्यानंतर पेरतात. जानेवारीअखेर जा, हिरवं दिसेल."

पक्यानं मुन्नार खोडलं. कन्याकुमारी ठेवली, आईला समुद्र तिथेच बघायचाय म्हणाला, आणि त्यावर मी काही बोललो नाही. अण्णा बोटांवर दिवस मोजत होते. नेत्रावती एक्सप्रेस पनवेललाच थांबते, थेट आलप्पुळाला उतरवते. "सव्वीस जानेवारीला जोडून जायचं तर साठ दिवस आधी सकाळी आठला तिकीट काढायला बस," ते म्हणाले. "खालचे बर्थ दोन. आईचे गुडघे."