परदेशातून: प्लेग गेला कुठंय?

आमच्या साताऱ्याच्या शाळेच्या ग्रुपवर परवा एकाने टाकलं की ऑक्सफर्डवाले प्लेगचीपण लस करतायत, आणि लगेच सुरू झालं, प्लेग राहिलाय कुठं आता, कंपन्यांचा धंदा सगळा, आधी गावच्या दवाखान्यात साप चावल्यावरचं इंजेक्शन ठेवा. शेवटचं मला पटलं, अगदी मनापासून. पण प्लेग राहिला नाही हे कसं पटेल, मी कोलोराडोत राहते आणि इथे तो माळावर आहे. प्रेअरी डॉग म्हणून बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी असतो, त्याच्या पिसवांतून पसरतो, वसाहतीच्या वसाहती मरतात, मग पाटी लागते, कुत्रा सोडू नका, मेलेल्या जनावराला हात लावू नका. अमेरिकेत वर्षाला सरासरी सातेक माणसांना होतो, वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर वाचतात, म्हणून लस कशाला असं इथलेही म्हणतात.

पण २०१७ ला मादागास्करमध्ये दोनशेवर माणसं गेली, बहुतेकांना फुफ्फुसाचा प्लेग, खोकल्यातून पसरणारा, आणि त्यात २४ तासांत औषध सुरू झालं नाही तर माणूस हाती लागणं अवघड. आपल्या जावळीच्या एखाद्या वाडीवरून २४ तासांत निदान आणि औषध दोन्ही होईल का, सांगा मला. १९९४ ला प्लेग बीडला आलाच होता की, मग सुरतेला.

आजी सांगायची, उंदीर पडला की गाव रानात छपरं घालून राहायचं. लस तेव्हाही होती, ती बनवणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःला टोचून घेतली, बरोबर दोन महिन्यांनी आपल्या नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात प्लेगनेच गेल्या, आजारी पोराला पाठीवरून दवाखान्यात नेताना लागण झाली. हे वाचलं की अजून पोटात तुटतं. ती लस मारलेल्या जंतूंची, ताप यायचा, गाठीच्या प्लेगला उपयोगी पण फुफ्फुसाच्या प्लेगचा भरवसा नाही. ऑक्सफर्डची कोव्हिशिल्डच्याच पद्धतीची आहे, २०२१ ला ४० जणांवर पहिली चाचणी सुरू झाली.

लोकांचा अविश्वास मात्र मी वेडेपणा म्हणणार नाही. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताला नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याचे सोल्जर घरात घुसले होते, आणि १९०२ ला पंजाबात मुल्कोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले, ठपका हाफकिनवर आला, तो खोटा होता हे ठरायला पाच वर्षं गेली. म्हणून लस येईल तेव्हा आधी माणसांशी बोला, मराठीत बोला.

ग्रुपवर एवढं लिहिल्यावर एकाने विचारलं, मग मुंबईत परळला हाफकिनच्याच नावाची संस्था आहे, तिथेच का करत नाहीत? मलाही तेच विचारायचंय.