ठाऊक असणं निराळं, लिहून ठेवणं निराळं

गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर येऊन पडला. त्याच आठवड्यात तो मी आणखी दोन ठिकाणी पाहिला होता. थोडक्यात असा: ‘ख्रिस्ती लोकांचा देव सर्वज्ञ. कोण काय करणार हे त्याला आधीच ठाऊक, म्हणजे ते आधीच ठरलेलं. यहूदा या शिष्याने येशूला तीस नाण्यांना विकलं ते लिहिलेलंच होतं, मग त्या बिचाऱ्याचा दोष काय? मिसरच्या राजाचं, फारोचं, मन देवानेच कठीण केलं आणि वर शिक्षाही त्यालाच. बायबल स्वतःच म्हणतं की माणूस म्हणजे कुंभाराच्या हातातली माती. सगळे ख्रिस्ती हेच मानतात. तेव्हा त्यांच्या धर्मात माणसाला स्वातंत्र्य नाही आणि त्यांचा देव क्रूर आहे.’ खाली टाळ्यांची रांग.

मी ख्रिस्ती नाही. मूळ घर फोंड्याकडचं, कुलदैवत मंगेश, राहणं मडगावात. ख्रिस्ती मतावर कुणी टीका केली तर माझी हरकत नाही. पण आपल्याकडे खंडनाआधी पूर्वपक्ष मांडायची रीत आहे, आणि तो असा मांडायचा की समोरच्याने ‘हो, हेच आमचं म्हणणं’ म्हणावं. या मजकुराला गोव्यातला एकही पाद्री तसं म्हणणार नाही. खालच्या मजल्यावरच्या आंटीला मी तो वाचून दाखवला. पेजेखालचा गॅस बारीक करत ती म्हणाली, ‘देवाक सगळें खबर आसा. पूण तो म्हजो हात धरून म्हाका चलयना.’ आंटीचं शिक्षण चौथीपर्यंतचं. मजकूर लिहिणारा बहुधा पदवीधर असावा.

‘ठाऊक, म्हणजे ठरलेलं.’ सगळी गफलत या एका उडीत आहे. ही उडी आपल्याला सहज पटते, कारण सटीच्या रात्री पाळण्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवणाऱ्या घरांत आपण वाढलो. सटी येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. तिथे जाणणं आणि ठरवणं एकच. मजकूरवाल्याने ख्रिस्ती देवाला गुपचूप सटीच्या पाटावर बसवलं आणि मग त्याच्यावर खटला भरला.

आता हे बघा. देवाला ठाऊक आहे की मी उद्या बाजारात बांगडे घेणार. देवाला ठाऊक असलेलं कधी चुकत नाही. म्हणून मी बांगडे घेणारच. यातला ‘च’ कुठे बसतो? ‘देवाला ठाऊक असेल तर तसं घडतंच’ या अख्ख्या वाक्याला तो शोभतो. तिथून उचलून तो ‘मी बांगडे घेणार’ला चिकटवला की हातचलाखी झाली. मी उद्या सुंगटं (कोळंबी) घेणार असतो, तर देवाला पहिल्यापासून सुंगटंच ठाऊक असती. माझ्या घेण्यावर त्याचं जाणणं अवलंबून आहे. त्याच्या जाणण्यावर माझं घेणं नाही. मध्ययुगातल्या पंडितांनी यासाठी लॅटिनमध्ये दोन वेगळ्या संज्ञा केल्या. आपलं काम एका ‘च’वर भागतं.

ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने हेच चौथ्या शतकाच्या अखेरीस स्मृतीचा दाखला देऊन सांगितलं. तुला काल घडलेलं आठवतं. पण तुझ्या आठवण्याने ते घडायला भाग पडलं नव्हतं. तसंच देवाचं आधी जाणणं पुढच्या गोष्टीला भाग पाडत नाही. (जुन्या गोव्यात जो ४६ मीटरचा मोडका मनोरा आपण पाहुण्यांना दाखवतो, तो याच ऑगस्टीनच्या नावाच्या संघाच्या इगर्जीचा, म्हणजे चर्चचा. तिची घंटा आज पणजीच्या इगर्जीत आहे.)

यावर एक खरी हरकत आहे, आणि मजकूरवाल्याला ती सुचली असती तर मी त्याला दाद दिली असती. देवाला काल ठाऊक होतं, आणि काल तर होऊन गेला, तो बदलता येत नाही. मग उद्याचं तरी कसं बदलेल? सहाव्या शतकात तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत बसलेल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने याला उत्तर दिलं: देवाचं जाणणं ‘काल’चं नाहीच. त्याला काल नाही आणि उद्याही नाही. सगळा काळ त्याच्यापुढे एकदम उघडा आहे. तो पुढचं पाहत नाही, नुसतं पाहतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती पंडिताने यासाठी उंचावरून रस्ता पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला. जुन्या गोव्यात अवर लेडी ऑफ द माउंटच्या चॅपेलकडे चढून गेलात तर तो दाखला डोळ्यांनी दिसतो. रस्त्यावर चालणाऱ्याला पुढचं वळण तेवढं दिसतं, मागून कोण येतंय ते कळत नाही. वर उभं राहिलं की झाडी, मांडवी, दिवाडी सगळं एकाच नजरेत. आणि वरून कुणी पाहतंय म्हणून खालचा कुणी डावीकडे वळत नाही.

यहूदाकडे येऊ. ‘लिहिलेलं होतं, मग दोष काय?’ त्याच रात्री, त्याच जेवणानंतर येशूने आणखी एकाचं भाकीत केलं होतं: कोंबडा आरवण्यापूर्वी त्याचा शिष्य पेत्र त्याला तीनदा नाकारणार. तसंच झालं. अंगणातल्या एका दासीसमोर पेत्राने हात झटकले, कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन ढसढसा रडला. भाकीत दोघांचंही होतं. पस्तावा दोघांनाही झाला. यहूदाने ती तीस नाणी परत नेऊन मंदिरात फेकली. पण त्याने गळफास घेतला, आणि पेत्र माघारी आला. आधी सांगून ठेवण्याने माणूस बांधला जात असता, तर दोघांची गोष्ट एकाच ठिकाणी संपली असती. गंमत म्हणजे मजकूरवाल्याचं यहूदाविषयीचं मत जवळपास शब्दशः एका कॅथलिक दस्तऐवजात सापडतं. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ साली जाहीर केलं, की यहूदाचा विश्वासघात हे प्रेषित पौलाला आलेल्या देवाच्या पाचारणाइतकंच देवाचं स्वतःचं काम आहे असं जो म्हणेल, तो बहिष्कृत. म्हणजे ‘ख्रिस्ती धर्म असं मानतो’ म्हणून जे फिरवलं जातंय, ते मानणाऱ्यालाच कॅथलिक चर्चने पावणेपाचशे वर्षांपूर्वी बाहेरचा रस्ता दाखवला होता.

फारोचं लवकर उरकतो. बायबलातल्या निर्गम या पुस्तकात मिसरावर आलेल्या दहा पीडा आहेत. बेडूक गेल्यावर जरा आराम पडलेला पाहून फारोने आपलं मन स्वतःच कठीण केलं, असं तिथे लिहिलंय. पीडा सांगताना ‘परमेश्वराने कठीण केलं’ हे शब्द पहिल्यांदा येतात ते सहाव्या, गळवांच्या पीडेला. आधी त्याने, मग देवाने. मोशे या संदेष्ट्याला देवाने ‘मी त्याचं मन कठीण करीन’ असं आधीच सांगून ठेवलं होतं, हेही तिथे आहे. ते मी लपवत नाही. पण मजकुरात अर्धी ओळच आली.

कुंभाराचीही अर्धीच आली. बायबलात यिर्मया हा संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो तेव्हा चाकावरचं भांडं बिघडतं आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं घडवतो. लगेच पुढे देव म्हणतो, एखादं राष्ट्र वाईटापासून फिरलं तर मीही माझा बेत फिरवीन. ही माती फिरू शकते! पौलाने रोमकरांना लिहिताना हीच उपमा जास्त कठोरपणे वापरली आहे, आणि तो अध्याय खरोखरच अवघड आहे.

इतका अवघड, की त्यावरून ख्रिस्ती लोक आपसात भांडले. ‘सगळे ख्रिस्ती हेच मानतात’ हा मजकुरातला सर्वांत बेफिकीर दावा. कोण तारला जाणार आणि कोण नाही हे देवाने अनादि काळापासून ठरवलंय, असं कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाने जिनिव्हात शिकवलं, हे खरं. पण त्याचे अनुयायीसुद्धा माणसाच्या इच्छेवर देव बळजबरी करतो असं म्हणत नाहीत. कॅथलिकांचं म्हणणं तर उघड दुसरं आहे. १९९२ च्या त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथात ६०० व्या परिच्छेदात लिहिलंय की देवाच्या शाश्वत योजनेत प्रत्येक माणसाचा स्वतंत्र प्रतिसाद धरलेला आहे; आणि १०३७ व्यात, की देव कुणालाही नरकासाठी नेमत नाही.

या वादातला मला सर्वांत आवडणारा माणूस म्हणजे लुईस द मोलिना. स्पॅनिश, जेझुइट या कॅथलिक संघातला पाद्री, पण शिकला-शिकवला पोर्तुगालात, कोइंब्रा आणि एव्होराला. त्याचा ग्रंथ १५८८ साली लिस्बनमध्ये छापला गेला. तो म्हणाला, काय होणार एवढंच देव जाणतो असं नाही. अमुक माणूस तमुक परिस्थितीत आपल्या मर्जीने काय करील, हेही तो जाणतो. याला बायबलातला आवडता आधार दावीदाचा. दावीद सुमारे सहाशे माणसांसह कईला गावात आहे आणि राजा शौल त्याच्या मागावर. दावीद देवाला विचारतो, शौल येईल का? येईल. गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. दावीद गाव सोडतो. शौल येत नाही, आणि गावकरी कुणालाच कुणाच्या हाती देत नाहीत. देवाचं उत्तर खोटं ठरलं का? नाही. ते ‘राहिलास तर’चं उत्तर होतं. ऐकून दावीदाने पाय उचलले, एवढंच. सटीच्या कागदावर ‘राहिलास तर’ लिहायला जागाच नसते.

राहिला देवाच्या क्रूरपणाचा मुद्दा. जे आपल्याला नाकारणार हे ठाऊकच होतं, त्यांना देवाने जन्माला घातलंच कशाला? ख्रिस्ती उत्तर असं, की ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला किंमत नाही. मला ते अर्धंच पटतं. हा प्रश्न जड आहे, आणि आपल्या भागात तो मराठीत विचारायची सोयही जुनी आहे; आदामाच्या पतनाची कथा सांगणारं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली सासष्टीतच, राशोलला छापलं गेलं. पण मजकूर या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. तो सटीपाशीच अडकून बसतो.

मोलिनावर डोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघातले पंडित तुटून पडले. देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांचा मेळ कसा, यावर रोममध्ये पोपसमोर वर्षानुवर्षं वाद चालला. जुन्या गोव्यात १६०५ साली बॉम जेझूच्या इगर्जीचं अभिषेचन झालं, तेव्हाही तो चालूच होता. शेवटी १६०७ साली पोप पाचव्या पॉलने दोन्ही बाजूंना सांगितलं, एकमेकांना पाखंडी म्हणू नका आणि घरी जा. निकाल योग्य वेळी कळवू. तो अजून यायचा आहे.