थंडीतले भुंगेरे आणि ओल्या फडक्यातली गोळी

काल रात्री मावशीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘या गोळ्या मागवू का गं? बाळाच्या खोलीतही भुंगेरे दिसलेत.’ तिला लगेच फोन करून नको म्हणून सांगितलं. पण हाच मेसेज इतर ग्रुपांवरही फिरतोय आणि त्याखाली लोक ‘खूप उपयुक्त’ म्हणून आभार मानताहेत. म्हणून सविस्तर लिहितेय.

मेसेजचं म्हणणं असं: थंडीत घरात शिरलेले भुंगेरे भिंतींत अंडी घालतात आणि उन्हाळ्यापर्यंत घर पोखरतात. ते विषारी असतात, चावतात, कुत्र्याच्या टाळूला चिकटतात, झोपलेल्या माणसाच्या तोंडातही शिरतात. फटींत फॉगर (कीटकनाशकाचा फवारा सोडणारा डबा) मारा. कपाटात आणि उशीखाली डांबरगोळ्या ठेवा. एक रात्र खिडक्या उघड्या टाका, गारठ्याने मरतील. आणि एवढ्यानेही भागलं नाही, तर धान्यात ठेवायची गोळी ओल्या फडक्यात गुंडाळून कपाटाखाली ठेवा, रात्रभर दार बंद करा, सकाळी खिडक्या उघडा.

शेवटच्या उपायापासूनच सुरुवात करते. बाकीच्यांपैकी काहींनी नुसता वेळ जाईल, काहींनी त्रास होईल. याने माणूस मरतो.

ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या दमटपणाशी तिचा संयोग झाला की फॉस्फीन वायू सुटतो आणि किडे मारतो तो हा वायू. हवाबंद करता येणारी गोदामं आणि जहाजांची कोठारं यांच्यासाठी ती बनवलेली आहे, तीही प्रशिक्षित माणसाने वापरण्यासाठी. माणसं झोपतात त्या घरासाठी नाही. कामाच्या जागी आठ तासांसाठी फॉस्फीनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग इतकी कमी धरतात, आणि ५० भागांना जिवाला तात्काळ धोका मानतात. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो म्हणतात, तो बराचसा त्यातल्या भेसळ घटकांचा असतो. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो, त्यामुळे ‘वास येत नाही, म्हणजे वायू नाही’ हे गृहीतच चूक. आणि या विषावर उतारा नाही. डॉक्टर श्वास आणि रक्तदाब सांभाळू शकतात, विष उतरवू शकत नाहीत.

ओलं फडकं हा तर कहर आहे. या गोळीचे डबे पाण्यापासून जपून ठेवायला सांगतात, कारण पाणी लागलं की वायू एकदम सुटतो आणि फॉस्फीन पुरेसा साठला तर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. म्हणजे जे कधीही करू नका असं डब्यावर लिहिलेलं असतं, तेच मेसेजने कृती म्हणून दिलंय.

बरं, कोणी म्हणेल, आम्ही कोरडीच ठेवू. तर आता थंडीचा मुद्दा, जो मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. गारठ्यात ही गोळी सावकाश झिजते. गोदामांसाठीच्या सूचनांमध्ये तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर गोळ्यांना साधारण तीन दिवस देतात, १२ अंशांच्या खाली गेलं तर दहा दिवस, आणि ५ अंशांच्या खाली वापरूच नका म्हणतात. म्हणजे ‘रात्रभर ठेवा, सकाळी खिडक्या उघडा’ हे हिवाळ्यात तर सर्वांत खोटं. सकाळी तुम्ही खिडक्या उघडता, तासाभराने थंडी वाजते म्हणून पुन्हा लावता, आणि करडी पडलेली, ‘संपली’ असं वाटणारी गोळी कपाटाखाली वायू सोडतच राहते.

हा वायू त्या खोलीतही थांबत नाही. दाराखालून, पाइपांच्या भोकांतून, भिंतीच्या भेगांतून तो शेजारच्या घरात जातो. फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या लेटन गावात एका घराबाहेरच्या हिरवळीतल्या बिळांत या औषधाच्या गोळ्या टाकल्या होत्या. लक्षात घ्या, घराबाहेर, आणि टाकणारा व्यावसायिक होता. वायू घरात शिरला आणि दोन लहान बहिणी दगावल्या. त्यानंतर त्याच वर्षी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निवासी जागांच्या आसपास या औषधाचा वापर पूर्ण बंद केला. घराबाहेर टाकलेल्या गोळ्यांनी मुली दगावत असतील, तर बाळाच्या खोलीतल्या कपाटाखाली ती ठेवायला सांगणाऱ्याला काय म्हणायचं?

गोळी आधीच ठेवली असेल तर शोधत बसू नका, पाणी तर मुळीच ओतू नका. सगळ्यांनी बाहेर पडा, शेजाऱ्यांना उठवा, अग्निशमन दलाला बोलवा. नाकावर रुमाल धरून वायू अडत नाही. मळमळ, डोकेदुखी, छातीत आवळल्यासारखं, खोकला यांपैकी काहीही जाणवलं तर ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा.

आता बाकीचं, भराभर.

भिंतींत अंडी घालून घर पोखरतात? थंडीत घोळक्याने घरात शिरतो तो बहुधा ढालकिडा (लेडीबर्ड), त्यातही हार्मोनिया नावाची मूळची आशियातली जात. पिकांवरचा मावा खावा म्हणून लोकांनीच तो देशोदेशी नेला आणि तो पसरला. शरदात तो उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर जमतो, फटींतून आत जातो आणि निपचित पडून राहतो. घरात तो अंडी घालत नाही, लाकूड, कपडे, धान्य काही खात नाही. हिवाळ्यात भिंत उन्हाने तापली की जागा होऊन खिडकीच्या काचेवर येतो, तेव्हा आपल्याला वाटतं नवे पैदा झाले. लाकूड पोखरणारे भुंगेरे वेगळे. लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली ताजा भुसा दिसला तरच त्यांची शंका घ्या.

विषारी, चावतात? इथे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. हार्मोनिया कधी बारीक चिमटा घेतो, आणि चिरडला की पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा स्राव सोडतो. त्याचे डाग पडतात, काहींना अ‍ॅलर्जी होते. कुत्र्याच्या टाळूला चिकटलेले किडे हाही निव्वळ बनाव नाही. २००८ मध्ये ‘टॉक्सिकॉन’ या शास्त्रीय नियतकालिकात अशा एका कुत्र्याची नोंद आहे, टाळूला १६ किडे चिकटून तोंड आतून भाजलं होतं. पण कुत्र्याने ते तोंडात घेतले होते. झोपलेल्या माणसाच्या तोंडात ते शिरत नाहीत.

फॉगरचा फवारा फटींत खोलवर पोचत नाही. जे मरतात ते भिंतीतच पडतात, आणि मेलेल्या किड्यांवर जगणारा गालिच्यांचा भुंगेरा त्यावर वाढतो. त्याच्या केसाळ तपकिरी अळ्या पुढे लोकर आणि रेशीम खातात. म्हणजे निरुपद्रवी पाहुणा मारून खरा नासाडखोर बोलावला.

डांबरगोळ्या घट्ट बंद पेटीत कपड्यांपुरत्या चालतात. उशीखाली नाही. त्यांतल्या नॅफ्थलिनची वाफ श्वासात जाते आणि जी-६-पीडी या विकराची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. खिडक्या उघड्या टाकण्याचा तर उपयोगच नाही. ढालकिडे थंडी काढायलाच आलेले असतात, गोठणबिंदूच्या बऱ्याच खालीही तग धरतात.

करायचं काय, ते आधी किडा कुठला यावर ठरतं. काचेवरचे ढालकिडे चिरडू नका, व्हॅक्यूमने ओढा. नळीत जुना पायमोजा अडकवला की सगळे त्यात जमतात आणि बाहेर टाकता येतात. फटी बुजवायच्या त्या पुढच्या वर्षी, ते यायच्या आधी. आत्ता बुजवल्या तर आतले आतच अडकतील. पीठ-धान्यात बारीक तांबडे किंवा सोंडेचे किडे असतील तर किडलेला डबा शोधा, खूप असतील तर फेकून द्या, कमी असतील तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, अंडीही मरतात. केसाळ अळ्या दिसल्या तर कपाटामागचा केर, मेलेले किडे, पडून राहिलेली लोकर काढा आणि तिथले कपडे गरम पाण्यात किंवा ड्रायक्लीनला द्या.