तुमच्या रिव्ह्यूला उत्तर: ब्लू टँग का दिला नाही

नमस्कार. तुम्ही एक स्टार दिलात आणि कारणही सविस्तर लिहिलंत. टँक 200 लिटरचा आहे, मासा जेमतेम 5 सेंटिमीटरचा होता, मुलीने तो पसंत केला होता, तरी आम्ही ब्लू टँग (टँग जातकुळीतला निळ्या अंगाचा, पिवळ्या शेपटीचा समुद्री मासा) दिला नाही. शिवाय दुकानात तोच मासा दोन फुटी टँकमध्ये ठेवला होता, मग घरी काय बिघडतं, असंही विचारलंत. हे प्रश्न समुद्री टँक ठेवणाऱ्या बऱ्याच जणांना पडतात, म्हणून इथेच उत्तर देतो.

तुम्ही दिलेलं माप 75 सेंटिमीटर लांब, 45 रुंद आणि 60 उंच असं होतं. हिशोब बरोबर आहे, पाणी 200 लिटरच भरतं. पण 120 लांब, 40 रुंद, 42 उंच टँकमध्येही साधारण तेवढंच पाणी मावतं, आणि टँगच्या दृष्टीने या दोन टँकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. टँग आडवा पोहतो. समुद्रात प्रवाळाच्या कडेकडेने, खडकावरचं शेवाळ खुडत त्याचा दिवस जातो. ब्लू टँग तर पाण्यात वाहत येणारे सूक्ष्म जीवही टिपतो, त्यामुळे तो खडकाला चिकटून बसणारा मासा नाहीच. धावणाऱ्या माणसाला खोलीचं छत उंच करून दिलं, तर त्याचा त्याला काय उपयोग? म्हणून आम्ही लिटर नंतर विचारतो, आधी लांबी विचारतो.

ब्लू टँग पूर्ण वाढला की 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. तुमच्या टँकमध्ये लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेला समुद्री खडक) रचल्यावर सलग मोकळी जागा फार तर 60 सेंटिमीटर उरेल, म्हणजे त्याच्या स्वतःच्या दोन लांब्या. शेपटीचे चार फटके मारले की वळायची वेळ येते. अशा जागेत टँग काचेपाशी एकाच रेषेत दिवसभर येरझाऱ्या घालतो. तो खेळतोय असं पाहणाऱ्याला वाटतं, पण तो मासा त्रासलेला असतो.

5 सेंटिमीटरचं पिल्लू फसवं असतं. समुद्रात ही पिल्लं फांद्यांच्या प्रवाळात घोळक्याने राहतात आणि जरा चाहूल लागली की आत शिरतात. त्या वयात त्यांना जागा लागत नाही, आडोसा लागतो. म्हणून लहान टँकमध्येही ती मजेत दिसतात. आमच्या दोन फुटी टँकचंही तेच. तो त्याचं घर नाही, मुक्काम आहे. नवा मासा नीट खातोय ना, अंगावर काही उठतंय का, हे बघायला आम्ही त्याला तिथे ठेवतो. तो टँक खालच्या मोठ्या संपला (पाणी गाळायची वेगळी टाकी) आणि मोठ्या स्किमरला (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जोडलेला आहे, त्यामुळे काचेमागे दिसतं त्याच्या कितीतरी पट पाणी त्या माशाच्या वाट्याला येतं.

"मासा टँकच्या मापानेच वाढतो" हे तुम्ही ऐकलंय, आम्हीही रोज ऐकतो. ते खरं नाही. अडचणीत राहून वाढ खुंटली, तर ते आजारपण आहे, जुळवून घेणं नाही.

"मोठा झाला की परत आणून देईन" असंही तुम्ही म्हणालात, आणि ते तुम्ही मनापासून म्हणालात. पण रीफ टँकमधून, म्हणजे खडक आणि कोरल रचलेल्या टँकमधून, मोठा टँग बाहेर काढणं काय असतं ते सांगतो. तो भेदरला की खडकाच्या फटीत आडवा शिरतो आणि तिथेच पडून राहतो. त्याला काढायला रचलेला खडक एकेक करून उचलावा लागतो, त्यावर चिकटलेले कोरल निघतात, तळाची घाण सगळी वर येते. शेपटीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना, त्याला वस्तऱ्यासारखा काटा असतो. एरवी तो खाचेत मिटलेला असतो, घाबरला की बाहेर येतो. जाळीने धरायला गेलात तर काटा जाळीत अडकतो आणि मासा तरी फाटतो नाहीतर तुमचा हात. आम्ही टँग नेहमी प्लास्टिकच्या डब्यात घेतो ते याचसाठी.

दुसरी काळजी इकची, म्हणजे माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीच्या आजाराची. टँगला तो चटकन जडतो, त्यामुळे ठिपके बऱ्याचदा आधी त्याच्यावर दिसतात. हा परजीवी माशावरून सुटून तळाशी जातो, तिथे त्याची संख्या वाढते आणि नवी पिल्लावळ परत मासा शोधते. थोड्या पाण्यात तिला मासा चटकन सापडतो, आणि त्रासलेल्या टँगमध्ये झुंजायची ताकद नसते. त्यात टँग दिवसभर खातो, म्हणजे घाणही तेवढीच करतो.

आता तुमच्या टँकबद्दल. 75 सेंटिमीटरला आम्ही कोणताच टँग देत नाही, अगदी लहान जातीचाही. मुलीला निळा-पिवळा रंग आवडला होता म्हणून आम्ही त्याच दिवशी यलोटेल डॅमसेल दाखवला. अंग गडद निळं, शेपूट पिवळी, वाढ सुमारे 7 सेंटिमीटर, स्वभावाने काटक आणि बाकीच्या डॅमसेलपेक्षा बराच शांत. तुम्ही तो नको म्हणालात, हरकत नाही. शेवाळ खाणारा हवा असेल तर टेलस्पॉट ब्लेनी बघा. इवलासा मासा आहे, पण खडकावर बसून डोळे फिरवत सगळीकडे लक्ष ठेवतो. मुलांना तो फार आवडतो.

पुढे 4 फुटी टँक केलात तर टोमिनी किंवा कोले टँगचा विचार जरूर करा. टोमिनी 15 सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, कोले थोडा मोठा होतो. दोघांचे दात कंगव्यासारखे असतात आणि खडकावरचा शेवाळाचा थर ते खरवडून खातात. यलो टँग 20 सेंटिमीटरपर्यंत जातो, त्याला 4 फूट म्हणजे अगदी किमान, 5 फूट असतील तर उत्तम. ब्लू टँगला आम्ही 6 फुटांच्या खाली हो म्हणत नाही. नासो तर 45 सेंटिमीटरचा होतो, तो घरातल्या फार थोड्या टँकांना शोभतो. ॲकिलीस कितीही देखणा असला तरी पहिला टँग म्हणून नकोच, त्याला लाटा फुटतात तिथलं खळाळतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं.

दुसऱ्या दुकानातून तुम्ही ब्लू टँग घेतलात असं रिव्ह्यूच्या शेवटी लिहिलंय. मग आता त्याच्यासाठी एवढं करा: नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी क्लिपला लावून रोज द्या, खडक मागच्या काचेला सरकवून समोरची लांबी पूर्ण मोकळी करा, आणि मोठ्या टँकची तयारी तो लहान आहे तोवरच सुरू करा. ते जमणार नसेल तर तो हाताच्या बोटाएवढा आहे तोपर्यंतच आमच्याकडे आणा. आम्ही त्याला ठेवून घेऊ आणि 6 फुटांचा टँक असलेल्या घरीच देऊ.